उष्णतेला वाट हवी : विजेच्या केबली आणि त्यांची मांडणी

परळी वैजनाथ हे गाव महाराष्ट्रास दोन कारणांनी परिचित आहे. वैद्यनाथाच्या दर्शनासाठी येथे शतकानुशतके यात्रेकरू येत आले; आणि १९७१ सालापासून येथील औष्णिक केंद्रात तयार झालेली वीज दूरदूरच्या गावांत जात आली. ३० मेगावॉटच्या लहान संचांनी आरंभ झाला, १९८० पासून २१० मेगावॉटचे संच आले, २००७ पासून २५० मेगावॉटचे आले. ३० आणि २१० मेगावॉटचे जुने संच आता निवृत्त झाले असून २५० मेगावॉटचे तीन संच येथे आहेत. विजेचा विषय परळीइतका घरचा दुसऱ्या फार थोड्या गावांना वाटेल. म्हणून आज ज्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे ती दिसायला रूक्ष असली तरी परकी नाही. ती गोष्ट म्हणजे विजेच्या केबलींत उत्पन्न होणारी उष्णता, आणि ती बाहेर जाण्याची वाट.

प्रथम ह्या केंद्राकडेच पाहू. कोळसा जाळून जी उष्णता मिळते तिच्यापैकी ढोबळ मानाने एक-तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली दोन-तृतीयांश उष्णता काही धुराड्यातून, आणि बरीचशी शीतकरण मनोऱ्यांतून वाफेच्या रूपाने आकाशात सोडून द्यावी लागते. ती सोडण्यासाठी पाणी लागते. २०१३ सालच्या दुष्काळात फेब्रुवारी महिन्यात हे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, आणि २०१५ साली पुन्हा तीच पाळी आली. पाणी केंद्रात इतर कामांनाही लागते. परंतु त्याचा सर्वात मोठा वाटा उष्णता बाहेर टाकण्याकडेच जातो. तेव्हा परळीकरांना एक सत्य पुस्तकातून शिकावे लागले नाही, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. यंत्राची शक्ती केवळ यंत्रावर ठरत नाही. नको असलेली उष्णता किती वेगाने बाहेर काढता येते, ह्यावर ती ठरते.

हेच सत्य अंगठ्याएवढ्या आणि मनगटाएवढ्या केबलीलाही लागू आहे. केबलीची शक्ती हा एकट्या केबलीचा गुण नाही. केबल आणि ती जेथे पडली आहे ती जागा, ह्या दोघांची मिळून ती शक्ती असते. हे ज्याच्या लक्षात येत नाही तो उत्तम प्रतीची केबल विकत घेऊनही ती अकाली मारतो, आणि कधी कधी आपली इमारतही गमावतो.

केबल तापते का, ह्याचे उत्तर इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जेम्स जूल ह्याने १८४१ साली देऊन ठेवले आहे. तारेतून विद्युत्प्रवाह जाताना तारेच्या रोधामुळे उष्णता उत्पन्न होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट; प्रवाह निम्मा झाला की उष्णता चतुर्थांश. ह्या वर्गाच्या नियमात पुढील साऱ्या हकीकतीचे बीज आहे.

आता एक हिशेब करू. कारखान्यांत नेहमी वापरली जाणारी २४० चौरस मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची त्रिकला केबल घ्या. तिच्या एका तारेचा रोध २० अंश तापमानास किलोमीटरला ०.१२५ ओहम असतो. तार ७० अंशांपर्यंत तापली की तो ०.१५ च्या घरात जातो. तीतून ३०० अँपिअर प्रवाह चालू असेल, तर एका मीटर लांबीत एका तारेत साडेतेरा वॉट, आणि तीन तारांत मिळून चाळीस वॉट उष्णता निर्माण होते. पूर्वी घरोघर जो चाळीसचा दिवा असे तो आठवा. असा एक दिवा केबलीच्या प्रत्येक मीटरमध्ये पेटलेला आहे. फक्त तो उजेड देत नाही. अशा वीस केबली एका वाटेने जात असतील तर दर मीटरला आठशे वॉट, म्हणजे जवळजवळ एक विजेची शेगडी. शंभर मीटरांची वाट असेल तर ऐंशी शेगड्या ओळीने मांडल्यासारखे झाले. सर्वच केबली एकाच वेळी पूर्ण भाराने चालत नाहीत, म्हणून व्यवहारात हा आकडा उतरतो. परंतु उष्णता किती आहे ह्याचा अंदाज येण्यास एवढे पुरे.

ही उष्णता तिथेच राहिली तर केबल क्षणोक्षणी अधिकाधिक तापत जाईल. तसे होत नाही, कारण तापलेली वस्तू आपली उष्णता भोवती देत असते. शाळेत आपण तिचे तीन मार्ग शिकलो : वहन, अभिसरण आणि प्रारण. तारेतील उष्णता रोधक आवरणातून आणि पोलादी चिलखतातून वहनाने पृष्ठभागापर्यंत येते. पृष्ठभागाला लागलेली हवा तापून हलकी होते आणि वर जाते, तिच्या जागी खालून थंड हवा येते, हे अभिसरण. आणि भोवतालच्या थंड भिंतींकडे पृष्ठभाग आपली उष्णता किरणांच्या रूपाने फेकतो, हे प्रारण. मोकळ्या हवेत टांगलेल्या केबलीच्या बाबतीत शेवटचे दोन मार्ग साधारण सारखाच भार उचलतात. तेव्हा केबलीला दोन गोष्टी हव्यात : अंगाला लागणारी वाहती हवा, आणि समोर दिसणारी थंड जागा.

ह्या दोन्ही गोष्टी मिळाव्यात म्हणूनच केबल ट्रेची योजना आहे. ट्रे म्हणजे केबलींची मांडणीच. आपल्या स्वयंपाकघरातील भांड्यांच्या मांडणीला जशा पट्ट्या आणि फटी असतात, त्यांतून पाणी निथळते आणि वारा खेळतो, तशीच ही पत्र्याची किंवा लोखंडी पट्ट्यांची लांबच लांब मांडणी भिंतीवर किंवा छताखाली बसविलेली असते. तिचे तीन प्रकार नेहमी दिसतात. एक, सपाट बंद तळाचा. दुसरा, तळाला भोके पाडलेला. आणि तिसरा शिडीसारखा, दोन कडा आणि मधे आडव्या पट्ट्या. शिडीच्या ट्रेमध्ये खालची थंड हवा सरळ केबलीच्या अंगाला लागून वर जाते. भोकांच्या ट्रेमध्येही तिला वाट मिळते. बंद तळाच्या ट्रेमध्ये ती अडते. पुष्कळांना ही भोके लोखंड वाचविण्यासाठी किंवा केबली बांधण्यासाठी आहेत असे वाटते. बांधण्याची सोय होते हे खरे. पण त्यांचे मोठे काम श्वासाचे आहे.

आता ह्या मांडणीवर गर्दी झाली म्हणजे काय होते ते पाहा. महाशिवरात्रीला वैद्यनाथाच्या दर्शनबारीत जो उभा राहिला आहे त्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही. स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातूनही सुमारे शंभर वॉट उष्णता बाहेर पडत असते. बारीच्या कडेला असलेल्याला वारा लागतो. मधल्याला चारी बाजूंनी शेजाऱ्यांची गरम अंगेच लागतात. त्याच्या अंगाची उष्णता जाणार कोठे? केबलीचेही असेच होते. एकमेकींना चिकटून पडलेल्या केबलींत मधलीला हवा लागत नाही, आणि तिच्या समोर थंड भिंत नसून तितकीच तापलेली शेजारीण असते. अभिसरण आणि प्रारण, दोन्ही मार्ग तिला बंद होतात.

अभियंत्यांनी ह्याची मोजमापे करून कोष्टके तयार केली आहेत. आंतरराष्ट्रीय कोष्टकांप्रमाणे भोकांच्या ट्रेवर एकाच थरात सहा केबली चिकटून ठेवल्या, तर प्रत्येकीने आपल्या पूर्ण शक्तीच्या ०.७६ पटच प्रवाह वाहावा. त्याच सहा केबलींत एकेका केबलीच्या जाडीएवढे अंतर सोडले, तर हे प्रमाण ०.९१ पर्यंत चढते. केवळ मधे बोटभर जागा सोडल्याने एवढा लाभ होतो. त्यासाठी एक पैचे तांबे जास्त लागत नाही. उलट, नऊ केबलींची मोळी बांधून टाकली तर प्रमाण ०.५० होते, आणि वीसांची मोळी बांधली तर ०.३८. म्हणजे वीस केबली विकत घ्यावयाच्या आणि आठांचेही काम होऊ द्यावयाचे नाही, असा हा व्यवहार झाला. ही प्रमाणे धरताना ट्रे भिंतीपासून निदान २० मिलिमीटर दूर असावा, आणि एकावर एक ट्रे असल्यास त्यांच्यात ३०० मिलिमीटर अंतर असावे, असे गृहीत धरलेले असते. ट्रे भिंतीला चिकटवून टाकला की मागची हवेची वाट बंद होते, आणि कोष्टक आपल्याला लागू पडत नाही.

येथवर गर्दीचा विचार झाला. परळीत दुसरी एक गोष्ट तिच्या जोडीला येते, ती म्हणजे हवेचे स्वतःचे तापमान. उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, आणि दोहोंतील अंतर जितके अधिक तितकी वेगाने जाते. साध्या पीव्हीसी आवरणाच्या केबलीची तार ७० अंशांपलीकडे तापू द्यावयाची नाही, असा नियम आहे. भारतीय मानक कोष्टकांत भोवतालची हवा ४० अंश धरलेली असते. म्हणजे उष्णतेला ढकलावयाला ३० अंशांचा उतार मिळाला. आंतरराष्ट्रीय कोष्टकांत हवा ३० अंशच धरलेली असते, तेथे उतार ४० अंशांचा. आता वैशाखातील परळी डोळ्यांपुढे आणा. बाहेर सावलीतच पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या छताखाली किंवा बंद केबल-बोळात तो सहज ५० ला भिडू शकतो. उतार राहिला २० अंशांचा. गणित केले तर अशा जागी भारतीय कोष्टकातील आकड्याच्या ०.८२ पट, आणि परदेशी कोष्टकातील आकड्याच्या ०.७१ पटच प्रवाह चालेल. म्हणून कोष्टक हाती घेताना आकड्याआधी त्याच्या माथ्यावरची ओळ वाचावी. हा आकडा कोणत्या हवेसाठी दिला आहे, हे तेथे लिहिलेले असते.

दोन्ही गोष्टी एकत्र केल्या म्हणजे काय होते? समजा, एका पीव्हीसी केबलीची शक्ती भारतीय कोष्टकात ३४० अँपिअर दिली आहे. ५० अंशांच्या बोळात ती ०.८२ ने गुणून २७९ झाली. तेथे अशा सहा चिकटून आहेत, म्हणून ०.७६ ने गुणून २१२ झाली. कागदावर ३४० ची असलेली केबल त्या जागी २१२ ची आहे. आता तिच्यातून ३०० अँपिअर चालले आहेत असे धरा. मालक निश्चिंत आहे, कारण ३०० हा आकडा ३४० पेक्षा लहान आहे. परंतु वर्गाच्या नियमाने ३०० अँपिअरला उष्णता २१२ अँपिअरच्या दुप्पट होते. तार हवेपेक्षा २० अंशांनी वर जावयाची ती ४० अंशांनी वर जाईल, म्हणजे ७० ऐवजी ९० अंशांवर पोहोचेल.

आणि गंमत अशी की, एवढे होऊनही काही घडत नाही. ब्रेकर पडत नाही, फ्यूज जात नाही, दिवे मंद होत नाहीत. कारण फ्यूज अँपिअर मोजतो. त्याला अंश मोजता येत नाहीत. ३४० च्या केबलीसाठी बसविलेल्या रक्षकाला ३०० अँपिअर हा सज्जन प्रवाह वाटतो.

मग बिघडले काय? बिघडते आयुष्य. रोधक आवरण हे रासायनिक पदार्थाचे असते आणि उष्णतेने त्याची झीज वेगाने होते. अमेरिकेतील माँटसिंगर नावाच्या अभियंत्याने १९३० साली रोहित्रांच्या रोधकासंबंधी एक ढोबळ नियम मांडला. तापमान आठ ते दहा अंशांनी वाढले की रोधकाचे आयुष्य निम्मे होते. निरनिराळ्या पदार्थांना हा आकडा थोडा निराळा पडतो, पण दिशा तीच. आपल्या उदाहरणात तापमान मर्यादेपेक्षा वीस अंशांनी वाढले. म्हणजे आयुष्य दोनदा निम्मे झाले. वीस वर्षांच्या अपेक्षेने घातलेली केबल पाच वर्षांतच म्हातारी होईल. पीव्हीसीला मऊपणा आणणारे द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून जाते, आवरण कडक होते, वाकवले की तडकते. त्या तडकेतून पावसाळ्यात ओल शिरते, आणि एके रात्री दोन तारा एकमेकींना भेटतात. दुसऱ्या दिवशी सर्वजण म्हणतात, "शॉर्ट सर्किट झाले." ते खरेच असते. परंतु तो शेवटचा क्षण झाला; त्यामागे पाच वर्षांची उष्णतेची कोंडी आहे, तिचे नाव कोणी घेत नाही. अलीकडे पुष्कळ ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एक्सएलपीई आवरणाच्या केबली ९० अंश सोसतात, हे खरे. त्याने सवलत मिळते. नियमातून सुटका होत नाही.

परळीसारख्या गावी ह्या कोंडीला आणखी तीन गोष्टी हातभार लावतात. पहिली गोष्ट ऊन. भर दुपारी जमिनीच्या दर चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ऊन पडते. आपल्या उदाहरणातील केबल सुमारे ५५ मिलिमीटर जाडीची असते. तिच्या एका मीटरवर पन्नासेक वॉट ऊन पडेल, आणि आवरण काळे असल्यामुळे त्यातील बहुतेक ती शोषून घेईल. प्रवाहाची उष्णता चाळीस वॉट आणि उन्हाची जवळजवळ तितकीच; म्हणजे गच्चीवर उघड्या पडलेल्या केबलीवर प्रवाह न वाढताच दुप्पट भार पडला.

दुसरी गोष्ट झाकण. उन्हाला उपाय म्हणून आपण ट्रेवर पत्रा ठोकतो, आणि वारा बंद करतो. अमेरिकेच्या विद्युत संहितेत सुमारे १.८ मीटरपेक्षा अधिक लांबीवर बिनभोकाचे झाकण सलग असल्यास केबलींची शक्ती ९५ टक्केच धरावी असे सांगितले आहे. ह्यावर उपाय अगदी सोपा आहे. झाकण ट्रेला चिकटवून न बसविता चार बोटे वर उचलून, मांडवासारखे बसवावे. सावलीही राहते आणि वाराही.

तिसरी गोष्ट धूळ. कोळशाच्या केंद्रात राख आणि कोळशाची पूड, जिनिंग कारखान्यात सरकीवरचा तंतू, साखर कारखान्यात बगॅस. ट्रेवर साचलेला राखेचा थर म्हणजे केबलीला पांघरलेली गोधडीच. शिवाय कोळशाची पूड आणि कापसाचा तंतू हे स्वतः पेट घेणारे आहेत. ओल्या कडब्याची गंजी आतून तापून पेटते हे आपल्या शेतकऱ्याला माहीत असते. उष्णता आत निर्माण होते आणि बाहेर पडत नाही, हे गंजी पेटण्याचे कारण. कोळशाच्या पुडीखालची तापलेली केबल ही त्याच जातीची गंजी होय.

मोठ्या केंद्रात केबलींसाठी स्वतंत्र बोळ असतात. कोळशावर चालणारे केंद्र आपल्याच पंख्यांना, पंपांना आणि कोळसा दळणाऱ्या गिरण्यांना आपल्या विजेपैकी शेकडा आठ-नऊ भाग खर्च करते, आणि ती सारी वीज केबलींतूनच जाते. अशा बोळात शंभर मीटरांत ऐंशी किलोवॉट उष्णता निर्माण होते असे धरू. हवा दहा अंशांपेक्षा अधिक तापू नये अशी इच्छा असेल, तर दर सेकंदाला सुमारे सात घनमीटर हवा बोळातून खेळली पाहिजे. बोळ दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच असेल तर हवेचा वेग सेकंदाला दीड मीटर येतो. सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेगही जवळजवळ एवढाच. म्हणजे वादळाची गरज नाही. सतत वाहणारी झुळूक पुरे. मराठवाड्याच्या जुन्या धाब्याच्या घरांत छताला सवणे ठेवीत. दारातून शिरलेली हवा तापून तेथून वर निघून जाई. बोळालाही खाली आत येणारी आणि वर बाहेर जाणारी अशा दोन वाटा हव्यात. एकाच टोकाला जाळी बसवून पंखा लावला, आणि दुसरे टोक बंद राहिले, तर पंखा नुसता आवाज करील.

येथे कोणी म्हणेल की, ज्या वाऱ्याने केबली थंड राहतात तोच आग लागल्यावर तिला फुंकर घालील. मग भोके बुजवावीत की उघडी ठेवावीत? आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी येथे अणुवीजकेंद्र आहे. २२ मार्च १९७५ रोजी तेथे केबली भिंतीतून जेथे आरपार जातात त्या भोकांतून हवा गळते की काय, हे एक कामगार मेणबत्तीची ज्योत धरून पाहत होता. भोक बुजविण्यासाठी भरलेल्या फेसाळ रबरासारख्या पदार्थाने पेट घेतला. हवेच्या झोताने ज्वाळा भिंतीपलीकडे ओढली गेली आणि केबल ट्रेंच्या वाटेने पसरली. आग सुमारे सात तास चालली, सोळाशेंहून अधिक केबली जळाल्या, आणि चालू असलेल्या दोन्ही अणुभट्ट्यांच्या सुरक्षेची अनेक साधने निकामी झाली. जगभरच्या वीजकेंद्रांनी ह्या घटनेपासून धडा घेतला. भिंतीतील भोके न पेटणाऱ्या पदार्थानेच बुजवावयाची, एकाच वाटेवर सर्व महत्त्वाच्या केबली ठेवावयाच्या नाहीत, आणि केबलींची आवरणे सहज न पेटणारी व कमी धूर करणारी घ्यावयाची.

तेव्हा उत्तर असे : ट्रेच्या लांबीत हवा खेळू द्यावी, आणि भिंतीच्या प्रत्येक भोकात आग अडवावी. जेथे भोक बुजविले तेथे केबलीचा श्वास कोंडतो, म्हणून तेवढ्या तुकड्याची शक्ती कमी धरून केबल निवडावी. बोळाच्या पंख्यांना आग लागताच बंद होण्याची व्यवस्था असावी. वारा आणि आग ह्यांचे भांडण असे वाटणी करूनच मिटते.

दुसरा आक्षेप असा येतो की, एवढी दगदग कशाला, केबली जमिनीतच पुराव्यात. माती तर थंड असते. ओली माती उष्णता चांगली वाहून नेते, हे खरे. परंतु आपली काळी माती उन्हाळ्यात वाळते, आक्रसते आणि हातभर खोल भेगा पडतात. भेगांत हवा भरली की उष्णतेचा मार्ग तुटतो, आणि तापलेली केबल स्वतःच भोवतालची ओल आणखी घालवून टाकते. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराला वीज पुरविणाऱ्या चार मोठ्या भूमिगत केबली १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, एकामागून एक निकामी झाल्या आणि शहराचा मध्यभाग सुमारे पाच आठवडे अंधारात राहिला. कारणे अनेक होती. भोवतालची माती गृहीत धरली होती तितकी उष्णता वाहून नेत नव्हती, हे त्यांपैकी एक. जमिनीत पुरल्याने प्रश्न नाहीसा होत नाही, तो दृष्टिआड होतो.

मग गर्दी होते कशी? पहिला आराखडा करणारा अभियंता बहुधा चुकत नाही. तो अंतर सोडतो, ट्रे निम्मा रिकामा ठेवतो. पुढे तीन वर्षांनी एक नवे यंत्र येते. रिकामी जागा दिसतेच, तीतून एक केबल जाते. मग वातानुकूलन येते, मग कॅमेरे, मग संगणकाच्या तारा. इस्पितळात नवा विभाग उघडतो, बाजारातल्या इमारतीवर आणखी एक मजला चढतो. प्रत्येक वेळी वायरमन एकच केबल टाकतो आणि प्रत्येक वेळी त्याचे काम बरोबर असते. जुन्या केबली काढण्याचे पैसे कोणी देत नाही, म्हणून मृत केबली जिवंत केबलींवर तशाच पडून राहतात. त्या स्वतः तापत नाहीत, परंतु खालच्यांचा वारा अडवितात. दहा वर्षांनी ट्रे काठोकाठ भरतो, आणि त्या दिवशी ज्या अंकांवर इमारत उभी होती ते सारे अंक खोटे झालेले असतात. दोष द्यावा असा एकही माणूस सापडत नाही. म्हणूनच ह्या गोष्टीचे भय अधिक. आग लागते तेव्हा त्या बोळात शिरावे लागते ते मात्र वायरमनला आणि अग्निशामक दलाच्या जवानाला. पेटलेल्या पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराईड असते. ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल होते, आणि ते त्यांच्या फुप्फुसांत जाते.

उपाय महाग नाहीत. ट्रेवर नवी केबल टाकण्यापूर्वी जुनी निकामी केबल काढावी. मोठ्या प्रवाहाच्या केबली एका थरात, अंतर सोडून ठेवाव्यात. तारा आणि नियंत्रण केबली वेगळ्या ट्रेवर असाव्यात, आणि तो ट्रे खाली असावा. गरम हवा वर जाते, म्हणून तापणाऱ्या केबली वरच्या मजल्यावर आणि न तापणाऱ्या खालच्या मजल्यावर, हा क्रम योग्य. भार वाढला तर एका केबलीच्या जोडीला दुसरी द्यावी. प्रवाह दोघींत निम्मा-निम्मा वाटला की प्रत्येकीत उष्णता चतुर्थांश होते आणि एकूण उष्णता निम्मी. वर्गाचा नियम येथे आपल्या बाजूने काम करतो. प्रत्येक मोठ्या इमारतीत ट्रेच्या सुरुवातीला एक फळी लावून तीवर कोणती केबल कोठे जाते, कोणत्या वर्षी टाकली आणि तिचा भार किती, हे लिहावे. वैशाखात एकदा, दुपारी तीनच्या सुमारास, पूर्ण भार चालू असताना ट्रेच्या मध्यभागी तापमान पाहावे. दुरून तापमान दाखविणारे लहान उपकरण आता बाजारात सहज मिळते. थंडीत घेतलेले माप येथे उपयोगाचे नाही.

आणि जो विजेचा तज्ज्ञ नाही, पण शाळेचा विश्वस्त आहे, दुकानदार आहे, सोसायटीचा चिटणीस आहे, त्याने आपल्या वायरमनला तीन प्रश्न विचारावेत. ही केबल किती अँपिअरची, हा पहिला प्रश्न सर्वजण विचारतात. दुसरा असा : कोणत्या हवेत आणि किती शेजारणींसह? आणि तिसरा : हिची उष्णता कोठून बाहेर जाते? तिसऱ्या प्रश्नाला जेथे उत्तर मिळत नाही, तेथे काम थांबवावे. वायरमनला राग येणार नाही. आजवर त्याला हे कोणी विचारले नसेल, म्हणून तो क्षणभर थांबेल, वर ट्रेकडे पाहील, आणि बहुधा स्वतःच शिडी आणावयास जाईल.